आपल्याला सतरा नंबरला जायचंय

एक प्रवासी बॅग उचलून बाजूला होतो आणि दुसरा पिवळी रेघ ओलांडून पुढे येतो. त्या दोघांच्या मध्ये जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात सांगते. वाक्य अर्धवट राहिलं तर समजून घ्या. मी एका विमान कंपनीच्या काउंटरवर उभी असते. विमानात अजून एकदाही बसलेले नाही. पण घरी सगळ्यांची समजूत अशी, की मी रोज

पुढचे, या.

उडते.

काम सोपं आहे. ओळखपत्र बघायचं. बॅग काट्यावर ठेवायला सांगायची. आत बॅटरी आहे का, लायटर आहे का, विचारायचं. खिडकी हवी की कडेची जागा, विचारायचं. बॅगेच्या कानाला पट्टी बांधायची, पास हातात द्यायचा. हे सगळं हसत.

प्रशिक्षणात आम्हाला एक बाई शिकवायला होत्या. पूर्वी विमानात होत्या. गुडघे गेले म्हणून जमिनीवर आले, असं त्या स्वतःच सांगायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आमची सगळी नातीगोती काढून घेतली.

"मावशी नाही, काका नाही, आजी-आजोबा तर मुळीच नाही. बॅगेचं वजन जास्त झालं तर मावशीला अडवाल का? नाही ना? मग सर आणि मॅडम. आणि 'तुम्ही' नाही. 'आपण'."

आमच्यात एक ताडमाड मुलगा होता. त्याला आम्ही उंट म्हणायचो. त्याने हात वर केला. आधीच एवढा उंच, त्यात हात वर. पंख्याला लागेल अशी भीती वाटायची.

"बाई, आपण म्हणजे कोण?"

"आपण म्हणजे तुम्ही."

"म्हणजे मी?"

"तू नाही रे. समोरचा."

"मग आज आपण जेवायला कधी सुटणार, यातले आपण कोण? समोरचेच का?"

सगळे खिदळले. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, "त्यातले आपण म्हणजे आपण सगळे. आणि तुझ्या कृपेने आपण सगळे आता उशिरा सुटणार आहोत."

तेव्हा फार हसलो. पण बाई शिकवायच्या मनापासून. "विमानतळावर आलेला माणूस घाबरलेला असतो," त्या म्हणायच्या. "श्रीमंत असला तरी. त्याला वाटतं, आपलं काहीतरी चुकणार आणि सगळ्यांदेखत चुकणार. त्याची भीती कमी करायची, एवढीच तुमची नोकरी. पट्ट्या काय, मशीनसुद्धा

पुढचे, या.

बांधेल."

मी अजून कच्ची आहे. म्हणजे पक्की झालेले नाही. महिनाअखेरीला ठरणार. माझ्या नावावर एकही तक्रार नसली तर कायम. असली तर गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवायचं आणि घरी. घरी जाणं म्हणजे काय, तर माझ्या खाटेच्या जागी धाकटीने शिलाई मशीन मांडलंय. तिचं काम चांगलं चाललंय. ते मशीन तिथून हलवा असं सांगायची वेळ माझ्यावर येऊ नये, एवढंच मला हवंय.

पुढचे, या.

इथे राहते ती खोली दोघींत आहे. दुसरी मुलगी सामान तपासणीला असते. माझी पाळी सुटते तेव्हा तिची लागते. एका खोलीत राहतो आणि एकमेकींना धड पाहिलेलं नाही. उशीला तिच्या तेलाचा वास असतो. मी पोचते तेव्हा दोरीवर तिचा टॉवेल ओला असतो. दूध संपलं की ती पातेलं पालथं घालून जाते, मग मी दूध आणते. एकदा मी पातेल्याखाली कागद ठेवला. "रविवारी सुट्टी आहे का?" दुसऱ्या दिवशी त्याच कागदावर खाली लिहिलेलं होतं, "नाही." अक्षर मात्र सुंदर आहे तिचं.

दिवसभर लोक माझ्याशी बोलतात, त्यामुळे एकटं वाटतं असं म्हणायला लाज वाटते. गेट कुठलं? बाथरूम कुठे? उशीर आहे का? या तिन्हींची उत्तरं माझ्याकडे आहेत. यापलीकडचं कुणी विचारत

पुढचे, या.

नाही.

जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन येतो. परवा मी उचलला आणि म्हणाले, "आपण जेवलात का?"

मग आई म्हणाली, "आपण म्हणजे कोण कोण? तुझे बाबा इथेच बसलेत. त्यांना पण धरलंस का?"

"अगं, तोंडात बसलंय."

"मग चूळ भर. आईला आपण म्हणतेस! उद्या घरी आलीस की मला काट्यावर उभी करशील."

"करीन. जास्त भरलीस तर दंड घेईन."

"घे बाई. पक्कं झालं का तुझं?"

"महिनाअखेर."

"कुणाच्या अध्यातमध्यात पडू नकोस. मान खाली घालून काम कर."

"मान खाली घालून चालत नाही इथे. समोर बघून हसावं लागतं."

"मग समोर बघून हस. पण अध्यातमध्यात पडू नकोस."

आता ज्या दिवसाचं सांगायचं आहे तो दिवस. महिना संपत आला होता. आमचे पाळीप्रमुख दर थोड्या वेळाने काउंटरमागून फेरी मारत होते. त्यांच्या कमरेला वॉकीटॉकी असतो. माणूस यायच्या आधी त्याची खरखर येते, म्हणून नाव पडलं खरखर साहेब. त्यांनी माझ्यामागे थांबून म्हटलं, "एवढे दिवस स्वच्छ काढलेस. शेवटी शेवटी घाण करू नकोस." त्यांच्या भाषेत ही शाबासकी होती.

पुढचे, या.

पुढे आल्या त्या एक आजी. मॅडम. अंगात गुडघ्यापर्यंत लांब स्वेटर, बहुधा कुणा पुरुषाचा. त्यांनी बॅग काट्यावर ठेवली, कुणाला दुखू नये अशी.

"मुलगा दारापर्यंत आला होता," त्या म्हणाल्या. "त्याला आत सोडत नाहीत म्हणे. मोठ्या बहिणीकडे चाललेय, कायमची. तिचंही माणूस गेलं, माझंही गेलं. म्हटलं, एकेकटं राहण्यापेक्षा दोघी मिळून एकट्या राहू."

"पहिल्यांदाच विमानाने जाताय का आपण?"

"हो गं. आणि तू?"

मला कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायची सवय राहिली नव्हती. पट्टी चिकटवताना हात थांबला. "मी पण अजून बसलेले नाही," मी म्हणाले.

"बरं झालं."

यात बरं काय झालं ते मला कळलं नाही. मी शिकवलेलं बोलले. "आपल्याला आधी सुरक्षा तपासणीला जायचंय. तिथून सरळ सतरा नंबरच्या गेटवर. आपलं विमान वेळेवर आहे."

"बाई गं! जीव भांड्यात पडला बघ. एकटीला काही जमलं नसतं मला."

"आपला प्रवास सुखाचा होवो."

"होणार की. आता कसली काळजी?" त्यांनी मागे वळून रांग पाहिली. "तू आटप तुझं सावकाश. मी बसते समोर."

म्हाताऱ्या माणसांची बोलण्याची रीत असते, असं मला वाटलं.

पुढचे, या.

काउंटरसमोर खांबापाशी चार खुर्च्या आहेत. बॅग जड भरली की लोक तिथे बसून उचकतात. आजी त्यातल्या एका खुर्चीवर बसल्या. प्रत्येक प्रवासी बाजूला झाला की त्या मला दिसायच्या. दिसल्या की हात वर करायच्या. मीही करायचे.

पुढचे, या.

हात.

पुढचे, या.

हात.

मग एक गृहस्थ आले. त्यांची बॅग चांगलीच जड होती. "आपल्याला थोडं सामान कमी करावं लागेल," मी म्हणाले. ते भडकले. मी कोण, माझी लायकी काय, ते कुणाला फोन करू शकतात, सगळं निघालं. मी हसत उभी. त्यांच्या पाठीमागे आजींनी गाल फुगवले, छाती काढली आणि बोट नाचवलं, हुबेहूब त्यांच्यासारखं. मला हसू फुटलं. ते शिकवलेलं हसू नव्हतं, नाकातून आवाज आला. गृहस्थ म्हणाले, "यात हसण्यासारखं काय आहे?" मी म्हणाले, "काही नाही सर, आपण मोजे काढलेत तरी वजन बसेल."

पुढचे, या.

हे इथे थांबून सांगायला हवं. त्या अजून बसल्यात, तपासणीला रांग असते, गेट लांब आहे, हे माझ्या मनात आलं नाही असं नाही. आलं. एकदा नाही. दोन पावलं पुढे टाकायची आणि म्हणायचं, मॅडम, निघा. पण म्हटलं असतं तर त्या

पुढचे, या.

गेल्या असत्या.

गेटवरून फोन आला. उंट होता. त्याला गेट मिळालं होतं. "ए, तुझ्या काउंटरची एक बाई आलेली नाही. तिची बॅग विमानाच्या पोटात गेली आणि तिचा पत्ता नाही. दार लावायला आलेत. नाव पुकारून पुकारून घसा बसला माझा."

मी मान वर केली. फोन कानाला तसाच धरून समोर पाहिलं तशा आजी उठल्या, स्वेटरची बटणं लावली आणि काउंटरपाशी आल्या.

"झालं तुझं? निघायचं?"

"तुम्ही अजून इथेच कशा?"

"म्हणजे? तूच म्हणालीस ना, आपल्याला सतरा नंबरला जायचंय. तुझं काम संपल्याशिवाय कशी जाऊ?"

मी 'बंद'ची पाटी ठेवली. रांगेतून आवाज आले. "अहो मॅडम! कुठे? आमचं काय?" भरल्या रांगेसमोर काउंटर सोडून जायचं नाही, हा पहिल्या पानावरचा नियम. मी आजींचा हात धरला आणि निघाले.

तपासणीला बूट काढायला लावले. त्यांच्या बुटांना नाड्या होत्या, नाड्यांना दुहेरी गाठ. मी जमिनीवर बसून सोडवली आणि पलीकडे पुन्हा बांधली. पुढे सरकता पट्टा होता. त्यावर पाय ठेवायला त्या घाबरल्या. पट्ट्यावरून लोक उभ्या उभ्या आमच्यापुढे गेले. आम्ही शेजारून चाललो, जमेल तेवढं भरभर. "तुझी बॅग कुठाय गं?" त्यांनी धापा टाकत विचारलं. मी त्यांचा हात आणखी घट्ट धरला.

सतरा नंबरला काचेचं दार बंद होतं. त्याच्यासमोर उंट हात पसरून उभा. एवढ्या मोठ्या मुलाचं तोंड एवढं लहान झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

काचेतून खाली विमान दिसत होतं. एक जण त्याच्या पोटातून एक बॅग बाहेर काढत होता.

"ती माझी," आजी म्हणाल्या. "कुठे नेतोय तिला?"

"परत आणतोय."

"आणि विमान?"

"गेलं."

"समोर तर उभंय."

"उभंय. पण गेलं."

खरखर साहेबांची खोली म्हणजे एक टेबल आणि दोन खुर्च्या. आजींना बसवलं. मी उभी. साहेबांनी मला विचारलं, "गेट नंबर सांगितला होतास?"

"हो."

मग ते आजींकडे वळले आणि आवाज मऊ केला. "मॅडम, यांनी आपल्याला गेट सांगितलं होतं का?"

"तुम्हाला सांगितलं का ते मला काय माहीत? मला सांगितलं. सतरा."

"मी आपल्याबद्दलच विचारतोय."

"मग माझ्याबद्दल विचारा ना. तुमचं मध्ये कशाला?"

"अहो आजी, आपल्याला म्हणजे तुम्हाला!" साहेबांच्या तोंडून निसटलं. "तुम्हाला एकटीला!"

आजींनी माझ्याकडे पाहिलं. मी काउंटरवर काय काय बोलले होते ते त्या एकेक करून आठवत होत्या आणि प्रत्येकातून मला वगळत होत्या. ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"म्हणजे ही येणार नव्हती," त्या म्हणाल्या.

वॉकीटॉकी खरखरला. साहेबांनी त्याचा आवाज कमी केला.

आजींनी पाठ ताठ केली. "मला डुलकी लागली. तसं लिहा. वय झालं, लागते कधी कधी."

साहेबांचे खांदे खाली आले. "मग प्रश्नच मिटला. प्रवाशाकडून उशीर. तिकीट मात्र नवीन काढावं लागेल, मॅडम. त्याला इलाज नाही." आणि मला, "तुझ्यावर काही येत नाही. काउंटर सोडलास ते मी बघितलं नाही. जा, उघड जा. रांग दारापर्यंत गेलीय."

आजी स्वेटरच्या खिशात पिशवी चाचपत होत्या. मी दारापर्यंत गेले. दाराला मूठ असते ती हातात धरली. धाकटीचं मशीन डोळ्यांसमोर आलं, त्याच्यावर पसरलेलं कुणाचं तरी अर्धवट शिवलेलं झबलं.

"त्या जाग्या होत्या," मी म्हणाले.

"काय?"

"पूर्ण वेळ जाग्या होत्या. मी बघत होते."

"गप बस ना पोरी," आजी म्हणाल्या.

साहेब उठले. "बघत होतीस? मग पाठवलं का नाहीस?"

याचं उत्तर प्रशिक्षणात नव्हतं. बाईंनी उशीर झालेल्यांसाठी वाक्य दिलं होतं, रागावलेल्यांसाठी दिलं होतं, रडणाऱ्यांसाठीही दिलं होतं.

"बरं वाटत होतं," मी म्हणाले. "त्या बसल्या होत्या ते."

पट्टी गळून पडलेल्या बॅगेकडे बघतात तसे साहेब माझ्याकडे बघत राहिले. कुठून आली, कुठे पाठवायची, काहीच कळेना.

मग चक्रं फिरली. चूक कंपनीची ठरली. पुढच्या विमानात आजींना कंपनीतर्फे जागा मिळाली, बहिणीला फोन लावून दिला गेला. आजी फोनवर मोठ्याने म्हणाल्या, "अगं, विमान चुकलं. नाही, मी नाही चुकले, विमान चुकलं." त्यांना चालता येत होतं तरी चाकाची खुर्ची मागवली. एकदा विमान चुकलेल्या माणसाला आम्ही पुन्हा त्याच्या पायांवर सोडत नाही. त्या खुर्चीत बसल्या. मग त्या मला म्हणाल्या, "हे सांगायची काय गरज होती?" आणि खुर्ची निघाली. ढकलणारा माणूस चांगला रुंद होता. त्यांनी मागे वळून पाहिलं असेलही. मला फक्त त्याची पाठ दिसली.

मी काउंटर उघडला.

पुढचे, या.

पुढचे, या.

पुढचे, या.

उरलेलं काउंटरवरून सांगायचं राहिलं. महिनाअखेरीला खरखर साहेबांनी बोलावलं. वॉकीटॉकी बंद करून टेबलावर ठेवला होता. मी गळ्यातलं ओळखपत्र आधीच काढून हातात घेतलं होतं.

"घाल ते परत," ते म्हणाले. "कायम केलंय तुला. त्या आजींनी तक्रार लिहून दिलीच नाही. त्या आजींनी तक्रार लिहून दिलीच नाही. पण माणसांत नाही. हरवलेल्या सामानाला. तिथे खोटं न बोलणारं माणूस लागतं, आणि तिथे कुणी तुझ्याकडे बघून हात हलवणार नाही."

ते हसले. मला वाटतं, विनोद करायचा होता त्यांना.

आईला फोन केला. "पक्की झालीस ना?" ती म्हणाली. "मग झालं तर. बॅगा तर बॅगा. उलट उत्तर तरी देत नाहीत." मागे मशीनचा आवाज येत होता, एकसारखा. धाकटीला बोलावू का, असं आईने विचारलं. मी म्हणाले, राहू दे, कामात आहे ती.

हरवलेलं सामान तळघरात असतं. खोलीला खिडकी नाही. लोखंडी कपाटांच्या रांगा आणि त्यात बॅगा. काळ्या सगळ्यात जास्त. प्रत्येकीच्या मालकाला वाटतं की आपली काळी बॅग ओळखू येण्यासारखी आहे. लोक फोन करतात, मी विचारते, चाकं किती, कुलूप कसं, कुठे खरचटलंय का. सापडली की वर पाठवते. मालक वरच्या खिडकीतून घेऊन जातो. उंट एकदा डबा घेऊन खाली आला होता. त्याचं डोकं दिव्याला लागलं. म्हणाला, "बरंय गं तुझं, कटकट नाही." पुन्हा आला नाही, त्याची पाळी बदलली. इथे माझं बोलणं मध्येच कुणी तोडत नाही. वाक्यं पूर्ण होतात. पूर्ण झाली की लक्षात येतं, ती फार लांब नव्हतीच.

खालच्या फळीवर एक तपकिरी बॅग आहे. तिची पट्टी फाटलेली, नाव नाही, चौकशीला कुणाचा फोन नाही. दुपारी कधीतरी तिच्या आत गजराचं घड्याळ वाजायला लागतं. पहिल्यांदा वाजलं तेव्हा मी दचकून सगळी कपाटं पालथी घातली. बेवारस बॅग उघडायची तर दोन माणसं हजर लागतात, असा नियम आहे. खाली मी एकटीच असते. म्हणून ते वाजतं तसं वाजू देते. कुठेतरी कुणाची तरी ती उठायची वेळ असणार.

आज आवाज जरा ओढल्यासारखा आला. सेल संपत आला असावा. हातातलं काम ठेवलं, कपाटापाशी जमिनीवर बसले आणि ते थांबेपर्यंत तिथेच राहिले.